दारवालीचा तात्पुरता आवाज

४ फेब्रुवारी

भोपळ्या,

प्रिय-बिय लिहिणार नाही. ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर टायसाहेब वाचतात. फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस. आठ महिने एकच मीटिंग चाललीय तुझी. म्हणून कागदावर लिहिते. फाडायचा तर फाड, पण फाडायला आधी हातात तरी घ्यावा लागेल.

आज सकाळी आपल्या व्हिडिओ गेमच्या नव्या भागाच्या तपासणीची यादी टेबलावर आली. अडुसष्ट कामं. सतरावं काम असं: 'दारवालीचा वध. सर्व हत्यारांनी, सर्व बाजूंनी, प्रत्येकी वीस वेळा मारून पाहणे.' तपासणार कोण, तर मी. प्रसंग कुणी लिहिला, तर तू.

मला यादीतून कळलं, भोपळ्या. सख्ख्या बहिणीला. एक फोन करून 'ताई, असं असं करतोय' म्हणायला जीभ झडली होती का तुझी? टायसाहेब मागून येऊन म्हणाले, सतरा नंबर जरा आधी घ्या, मोठा प्रसंग आहे. मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. रडायला मी रिकामी नाही.

तिकडे मुख्य ऑफिसात बसून तुझी आठवण पातळ झाली असेल, तर ऐक. पलीकडचे सातजण तू लिहिलेस. आभाळाला चीर पडली आणि त्यातून ते खाली आले, अफाट ताकदीचे. खाली राहणाऱ्यांना त्यांचं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी देवळं बांधली. तू जेवताना हात हलवून हलवून मला सांगायचास, 'ताई, ते देव नाहीतच गं, नुसते बलवान आहेत. देव त्यांना लोकांनी केलंय.' सहाजण तुला झकास जमले. एक वादळ पाठवतो, एक माणसांचे डोळे मागतो, एकाला लोकांनी नुसतं आपल्याला घाबरावं असं वाटतं. सातवी दारवाली. मेलेला खेळाडू तिच्या दगडी चौकटीशी जागा होतो, ती त्याला उठवते आणि परत पाठवते.

तिच्या तोंडी तू लिहिलं होतंस, 'हे मर्त्य जीवा, काळाच्या दारात तुझे स्वागत असो.' आणि आईला आवाज द्यायला बसवलंस. कपड्यांच्या कपाटात, लटकवलेल्या कोटांमध्ये, कारण तिथे आवाज घुमत नाही. खऱ्या नटीचं रेकॉर्डिंग होईपर्यंत तात्पुरता आवाज, एवढंच काम होतं. आईनं कागद वाचला आणि विचारलं, असं कोण बोलतं रे? मेलेला माणूस आधीच घाबरलेला असेल. मग दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीत बसून तीस वर्षं जे म्हणत आली, तेच म्हणाली. 'आलास? बस. आधी दम खा, मग सांग.'

नटीचं रेकॉर्डिंग झालं, फाईल बदलायची राहिली. ते पकडायचं काम माझं होतं. फाईलच्या नावातच 'तात्पुरता' असं ढळढळीत लिहिलेलं होतं. मी दिवसाला शंभर वेळा मरत होते, शंभर वेळा तो आवाज ऐकत होते, आणि मला एकदाही खटकलं नाही. घरचाच आवाज, खटकणार कसा? खेळ तसाच बाजारात गेला, आणि लोकांनी बाकीच्या सहांना सोडून आईला देव केलं. तिच्या चौकटीशी फुलं आणून टाकतात. तिथे फुलं ठेवायची सोयच तू केलेली नाहीस. ढीग लागतो, खेळ मंदावतो, आणि त्याची तक्रारही मीच नोंदवते.

तिला तू मारायला निघालायस. अजून वेळ आहे, बदल. तीस एप्रिलला नवा भाग निघणार, जुना त्याच दिवशी मिटणार. बाबांना मी काही सांगितलेलं नाही.

ताई


१८ फेब्रुवारी

भोपळ्या,

उत्तर मिळालं. मी हातानं चार पानं लिहिली, तू मेलवर चार ओळी पाठवल्यास, आणि खाली टायसाहेबांना प्रत. 'कथेची गरज लक्षात घेऊन हा निर्णय सर्वानुमते घेण्यात आला आहे.' वा. तुझ्या त्या सर्वांमध्ये बाबा होते का? मी होते का? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर सर्वानुमते म्हणायचं.

टायसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, काही घरगुती आहे का? मी म्हटलं, नाही, यादीत दोन शंका होत्या. तुझ्यासाठी खोटं बोलले. हेही लक्षात ठेव.

आता बाबांचं ऐक. तू विचारलं नाहीस तरी सांगते. बाबा खेळतात. हो, आपलेच बाबा. जन्मभर लेथ चालवली आणि घरी टीव्ही लावायला मात्र आईला हाक मारली, तेच. आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, तुमच्या त्या खेळात तिचा आवाज आहे म्हणतात, तो कसा लागतो? मी म्हटलं, त्यासाठी मरावं लागतं. ते म्हणाले, मग शिकव.

नुसतं चालायला शिकण्यात आठ दिवस गेले. गेमपॅड लेथच्या हँडलसारखा घट्ट धरायचे आणि पडद्यावरचा माणूस भिंतीला डोकं घासत उभा राहायचा. आता येतं सगळं, म्हणजे त्यांना हवं तेवढं. रोज दुपारी जेवण झालं की हात धुऊन, केस विंचरून बसतात. सुरुवातीच्या मैदानातून पहिल्या पुलापर्यंत चालत जातात. कुणाशी लढत नाहीत, वाटेतल्या पेट्या उघडत नाहीत. पुलाच्या मधोमध कठडा तुटलेला आहे, तिथून उडी मारतात. 'आलास? बस. आधी दम खा, मग सांग.' मग ते सांगतात. गुडघा कसा आहे, खालच्या मजल्यावरच्यांनी नळ कसा उघडा टाकला, तुझा मेसेज आला की नाही आला. पाच-सात मिनिटं. मग बंद करून झोपतात.

एकदा हसत मला म्हणाले, जन्मभर अहो-जाहो केलं हिनं, आता एकदम अरेतुरेवर आली. पण बरं वाटतं ऐकायला.

तू म्हणशील, मग आवाज फोनवर काढून दे ना. शहाणाच आहेस. दिला होता. एकदा ऐकला आणि फोन परत माझ्या हातात ठेवला. म्हणाले, 'हा नुसता आवाज आहे. तिथे मी गेल्याशिवाय ती बोलत नाही.'

कळलं? की यावरही बैठक घ्यावी लागेल? नव्या भागात ती मेली, की पुढे मेलेला खेळाडू नुसत्या दगडावर जागा होणार. तूच लिहिलंयस, 'चौकट रिकामी. शांतता.' ती तुझी शांतता मी बाबांपुढे कशी वाढू? तिला मारू नकोस. बाकीचे सहा मेले तरी माझी ना नाही, त्यांच्यामागे रडणारं कुणी नाही.

ताई


११ मार्च

भोपळ्या,

तीन आठवडे झाले, तू मूग गिळून बसलायस. ठीक आहे. मी माझ्या कामाचा हिशेब देते.

आजपर्यंत मी तिला चारशे साठ वेळा मारलं. डावीकडून तलवार मारली तर तिचा हात चौकटीत अडकायचा आणि ती मरता मरता हवेत तरंगायची. नोंद केली, तुमच्या लोकांनी दुरुस्त केलं. कुऱ्हाडीनं मारलं तर एकदा मेल्यावरसुद्धा 'आलास?' म्हणाली. तीही नोंद केली, तेही दुरुस्त झालं. शेजारच्या टेबलावरच्या चष्मीसला माहीत आहे आवाज कुणाचा तो. ती हळूच म्हणाली, सतरा नंबर मला दे, मी करते. मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणी तिला मारलेलं मला चालणार नाही. का चालणार नाही ते मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

आणि ती शेवटची किंकाळी. ती नटीची आहे. बिचारी मन लावून ओरडलीय. पण आई ओरडली नव्हती, भोपळ्या. जाताना ती साधी खोकलीसुद्धा नाही. तुला कसं माहीत असणार? तू होतास कुठे? खेळ बाजारात येत होता, तुम्ही केक कापत होतात. कागदी टोपी घातलेला तुझा फोटो मी पाहिलाय. त्याच आठवड्यात मी दिवसातून तीनदा तिची चादर बदलत होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव तिनं सोसले, चादरी मी धुतल्या, आणि देव म्हणे तुझा.

आता कामाचं. काल एक गोष्ट सापडली.

खेळात बसायचं एक बटण आहे. ते कुणी वापरत नाही, कारण लढाईत बसतं कोण? काल जेवणाच्या सुट्टीआधी माझं मनगट ठणकत होतं. मी हत्यार खाली टाकलं आणि माझ्या माणसाला तिच्यासमोर बसवलं. म्हटलं, ही मला पटकन मारून टाकेल आणि मी डबा उघडेन. तिनं मारलं नाही. तू तिच्या हातात दिलेला भाला तिनं खाली केला, जवळ आली, आणि म्हणाली, 'आलास? बस. आधी दम खा, मग सांग.'

मी डबा खाल्ला. चहा प्यायले. दीड तासानं परत आले तर ती तशीच उभी. तिच्या जुन्या वागण्यातला एक तुकडा नव्या लढाईत राहून गेलाय. समोरचा बसलेला दिसला की तो नुकताच मेलाय असं तिला वाटतं, आणि मेलेल्यावर ती हात उचलत नाही. ती मरत नाही, आणि ती मेल्याशिवाय तुझी पुढची कथा सुरू होत नाही. हा लाल दोष झाला, खेळ अडवणारा. सापडल्यापासून तासाभरात नोंदवायचा, असा आमचा नियम आहे.

मी नोंदवणार नाही. चोरून नाही करत, तुझ्या तोंडावर सांगून करते. बारा वर्षांत माझ्या हातून दोष सुटले असतील, लपवला एकही नाही. हा लपवणार. बाबांना बसायचं बटण शिकवणार. मला नोकरीवरून काढायचं असेल तर काढ, आणि टायसाहेबांना प्रत द्यायला विसरू नकोस.

ताई


२३ मार्च

लिफ्टमध्ये पोस्टर लागलंय. दारवालीची चौकट दुभंगलेली, वर तीस एप्रिल, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'तिनं तुम्हाला हजारदा उठवलं. आता तिला झोपवा.'

हे वाक्य तुझं आहे. मला सांगावं लागत नाही, शाळेच्या निबंधापासून तुझी वाक्यं मी ओळखते.

रोज सकाळी चार मजले मी त्या पोस्टरसमोर उभी असते. आज कुणीतरी हौशीनं म्हणालं, काय जबरदस्त लिहिलंय ना? मी म्हटलं, हो, लिहिणाऱ्याची आई असती तर तिनं त्याचा कान धरला असता. लिफ्टमधले हसले. त्यांना विनोद वाटला.

उद्यापासून जिन्यानं जाणार आहे. दोषाबद्दल अजून तुझा एक शब्द नाही. टायसाहेबांनाही तू काही कळवलेलं दिसत नाही. मेहेरबानी करतोयस का माझ्यावर? करू नकोस. मला तुझी मेहेरबानी नको, तिचा जीव हवाय.

ताई


२ एप्रिल

भोपळ्या,

काल फोन केलास. मला वाटलं, आता झापणार. मी तयारीत होते, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तू दोषाचं नावसुद्धा काढलं नाहीस.

म्हणालास, माझ्या खोलीबाहेर आवाज तपासणारे बसतात, दिवसभर कुणी ना कुणी मरतं आणि दिवसभर आई त्याला बस म्हणते. मी म्हटलं, मग कानात बोळे घाल. तू म्हणालास, घालतो. आणि मग जे बोललास ते कालपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

'ती जगातल्या प्रत्येक ऐऱ्यागैऱ्याला आलास म्हणते, ताई. मला तिनं बोलावलंसुद्धा नाही. तूच सांगितलंस ना, ती म्हणाली त्याला कळवू नका. मग मी तिला देव म्हणून किती दिवस सांभाळायचं?'

मी फोन ठेवला. काहीतरी करपलं असं सांगून ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

आता कागदावर उत्तर देते. काय रे, आईकडे यायला छापील आमंत्रण लागतं का? ती आजारी आहे हे तुला पाच महिने माहीत होतं. माणूस आपण होऊन येतो. गाडीत बसतो आणि येतो. ते जमलं नाही, आणि आता दोन वर्षांनी सगळ्या जगासमोर तिला तलवारीनं कापायचं. कारण काय, तर तिनं मला हाक मारली नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आणि हो, म्हणाली होती ती तसं. तुझा खेळ निघायचा होता, उगाच तुझी धावपळ नको, असं म्हणाली. तेव्हा सांगितलं तेच आज सांगते. पुन्हा पुन्हा तेच उकरून काढू नकोस.

नव्या भागाची तपासणीची प्रत घरी न्यायची परवानगी नाही. मी नेणार आहे. रविवारी बाबांना बसायचं बटण दाखवते.

ताई


६ एप्रिल

भोपळ्या,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस.

काल दुपारी बाबांना नवा भाग लावून दिला. म्हटलं, आता पुलावरून उडी मारायची गरज नाही, सरळ तिच्याकडेच जायचं. ते गेले. ती भाला घेऊन चौकटीतून बाहेर आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हिच्या हातात हे काय दिलंय?

मी ठरवलं होतं, काही सांगायचं नाही, नुसतं बटण शिकवायचं. पण त्यांचा तो चेहरा पाहिला आणि माझा तोल गेला. सगळं ओकले. तुमचा लाडका लेक तिला मारायला निघालाय, म्हटलं. बोलावलं नाही म्हणे तिनं, म्हणून. तुला कसाई म्हटलं, कृतघ्न म्हटलं, आणखी जे म्हटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. मी ओरडत होते, आणि ती पडद्यावर भाला उगारून जवळ येत होती. बाबांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, बसायचं कुठलं? मी बोट दाखवलं. त्यांनी बटण दाबलं. तिनं भाला खाली केला आणि आपलं नेहमीचं म्हणाली.

या वेळी बाबा तिच्याशी काही बोलले नाहीत. गेमपॅड मांडीवर ठेवला आणि पडद्याकडे बघतच मला म्हणाले, 'तिनं बोलावलं होतं त्याला. तीनदा. मी शेजारच्या खोलीत होतो.'

मी म्हटलं, तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. ते म्हणाले, मंगळवारी एकदा, बुधवारी एकदा आणि गुरुवारी. तिन्ही वेळा तू म्हणालीस, उद्या.

मग मी त्यांच्यावरच उलटले. माहीत होतं तर तुम्ही का नाही केलात फोन? बाबा म्हणाले, सगळं घर तुझ्या अंगावर होतं, तुझ्या रागाला मी भ्यालो. 'दोन वर्षं दुपारी हिला तेच सांगतोय. गुडघ्याचं आणि नळाचं तू खोलीत असताना सांगतो. तू उठून गेलीस की हे सांगतो.'

तेव्हा आता मी सांगते. आई असं कधीच म्हणाली नाही की त्याला कळवू नका. ते मी रचलं. शनिवारी तू बॅग खांद्यावर घेऊन रिकाम्या पलंगासमोर उभा राहिलास आणि विचारलंस, मला का नाही बोलावलं? माझ्या तोंडून निघून गेलं, तिनंच नको म्हटलं. एकदा निघालं ते निघालं. तू पुढे काही विचारलं नाहीस, नुसती मान हलवलीस, आणि मला बरं वाटलं की विचारलं नाहीस.

वेळ आहे असं वाटलं, असं लिहिणार होते. तेही खोटं. डॉक्टरांनी सोमवारीच सांगितलं होतं.

मला राग होता, भोपळ्या. पाच महिने मी तिला उठवत होते, निजवत होते, भरवत होते. तू दोन मिनिटं फोन करायचास आणि त्या दोन मिनिटांवर ती दिवसभर खूश असायची. मी सूप करून द्यायचे आणि ती मला विचारायची, तो तिकडे नीट जेवत असेल ना गं? तू आला असतास तर ती उठून बसली असती. त्या खोलीत मला कुणी पाहिलंही नसतं. मला वाटलं, शेवटचे दिवस तरी ती फक्त माझी असू दे. मंगळवारी वाटलं, बुधवारी वाटलं, गुरुवारी तर मी फोन हातात घेतला आणि परत चार्जिंगला लावला. शुक्रवारी सकाळी सात वाजता ती गेली.

तू दारवालीला जी शिक्षा देतोयस ती माझ्या खोट्याची आहे. तिनं काही केलेलं नाही.

माझा राग गेला असं समजू नकोस. न बोलावता यायला हवं होतंस, हे मी तुला मरेपर्यंत ऐकवणार. पण तेवढाच राग आता माझाही येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. कालपासून बाबा नेहमीसारखे माझ्याशी बोलतायत. चहाला साखर कमी पडली म्हणाले. ते मला जास्त लागतं.

आज सकाळी ऑफिसात गेले आणि तो लाल दोष नोंदवला. कुठे बसायचं, काय होतं, किती वेळ होतं, सगळं लिहिलं. उशिराचं कारण विचारतात तिथे 'तपासणारीनं लपवला' असं लिहिलं. टायसाहेबांना काय करायचं ते करू दे. दुरुस्तीला कुणाकडे पाठवायचा ते नाव मला निवडता येतं. मी तुझं निवडलं. आता तो तुझ्या यादीत आहे. तो तुकडा काढलास की ती मरेल. राहू दिलास, तर जो कुणी हत्यार टाकून समोर बसेल त्याच्यासाठी ती थांबेल. मी तुला मारू नकोस म्हणून दोन महिने भांडले, आता भांडणार नाही. मागच्या वेळी तुझ्या वतीनं मीच सगळं ठरवलं होतं. या वेळी तू ठरव. कुणाची सर्वानुमते बैठक घेऊ नकोस, एकट्यानं ठरव.

एक राहिलं. तिनं बोलावलं एवढंच सांगितलं तुला, काय म्हणाली ते नाही सांगितलं. तिन्ही दिवस तेच म्हणाली, शब्दसुद्धा बदलला नाही. दोन वर्षं उशिरा का होईना, तुझा निरोप तुला पोचवते.

'भोपळ्याला बोलाव. आल्या आल्या त्याला जेवायला बसवू नकोस, आधी माझ्याकडे पाठव.'

ताई